नळवार प्रांतरचना

अमेरिकेत लेकाकडे निघालेल्या कुठल्याही मराठी आईबापांची बॅग उघडा. आत भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, तीन पिशव्यांत गुंडाळलेलं लोणचं आणि कपड्यांच्या घडीत दडवलेला एक प्लास्टिकचा मग सापडेल. लोणच्यावर घरात महिनाभर चर्चा होते, विमानतळावर चौकशी होते. मगाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. पण तिथे पोचल्यावर भाजणीवाचून कुणाचं अडत नाही, मगावाचून अडतं. तसा तो देश पाण्याच्या बाबतीत उदार आहे. फ्रिजच्या दारातून गार पाणी येतं, सिंकच्या पोटात खरकटं दळणारी चक्की असते, ठरल्या वेळी हिरवळीतून कारंजी डोकं वर काढतात. पाणी जिथे खरोखरच हवं, तिथे मात्र कागदाची गुंडाळी.

मी मग नेला नाही. मी काळाबरोबर चालणारा माणूस, मी जेट स्प्रे नेला. पुण्यात हार्डवेअरच्या दुकानातून पक्की पावती घेऊन घेतला. जेट, मीटरभर स्टीलची नळी, भिंतीचा हुक, पितळी टी आणि वॉशर जास्तीचे. दुकानदार म्हणाला, "काका, हा जगात कुठेही बसतो." त्याचं जग कात्रजच्या बोगद्याशी संपतं, हे मला न्यू जर्सीत कळलं.

आल्या आल्या शॉवर काढून तिथल्या आट्यांवर चाचणीसाठी टी चढवला. चढला. एक फेरा, दोन फेरे, मग अडला. जोर केला तेव्हा गळायला लागला. टेफ्लॉन टेपची अर्धी गुंडाळी खर्ची पडली तरी थेंब काही थांबेनात. कारण मागाहून समजलं. ब्रिटिश जाताना आपल्याला बीएसपी जातीचे आटे देऊन गेले, अमेरिकेने एनपीटी जातीचे ठेवले. अर्ध्या इंची पाइपवर दोघांचेही इंचाला १४ च आटे. पण आपल्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, त्यांचा ६० चा. छत्तीस गुण जुळावेत, गुरुजींनी निर्धास्त राहा म्हणावं आणि पहिल्याच आठवड्यात नवराबायकोने एकमेकांच्या अंगावर पाणी फेकावं, तसला प्रकार.

मुलगा आवाज ऐकून वर आला. "बाबा, पाना खाली ठेवा. इथे असं काहीही कुठेही जोडता येत नाही. इथे कोड असतो."

"कुठला?"

"प्लंबिंगचा."

"ते कळलं. पण कुठला? साल? कलम?"

"मला काय माहीत?"

"तू तर दिवसभर कोडच लिहितोस ना?"

यावर त्याने जो चेहरा केला तो त्याच्या आईचा होता. तो खाली निघून गेला आणि मी कामाला लागलो.

माझं आयुष्य सरकारी लेखापरीक्षणात गेलं. 'नियम आहे' एवढ्यावर समाधान मानणारी माणसं मी नोकरीभर पाहिली आणि त्यांच्या फायलींवर आक्षेप काढले. नियम सगळ्यांकडेच असतो, प्रश्न लागू कुठला हा असतो. एका हेडक्लार्कच्या अर्जित रजेला जुना नियम लागू की सुधारित, हा आक्षेप मी इतक्या निष्ठेने चालवला, की तो निकाली निघाला तेव्हा ते गृहस्थ निवृत्त होऊन कायमच्याच रजेवर गेले होते. असा मी, आणि समोर एक जेट. हे प्रकरण पाच मिनिटांचं नव्हतं.

पुण्यात मला हा प्रश्न कधी पडला नव्हता, हेही खरं. आपल्याकडे नियम नाहीत अशातला भाग नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता १९७० पासून आहे, २०१६ च्या आवृत्तीचा नववा भाग प्लंबिंगचाच आहे. पण सोसायटीत आजवर किती पाइप फुटले, किती बदलले, किती उगाच बदलले, तरी मी आमच्या प्लंबरला कधी "संहितेप्रमाणे चाललंय ना?" असं विचारलं नाही. तो ओडिशातल्या केंद्रापाड्याचा. देशभरातले कितीतरी प्लंबर त्याच भागातले. त्याची संहिता एका वाक्याची आहे: "हो जाएगा, काका." आणि होतं. कायद्याबद्दलचं प्रेम माणसाला परक्या देशातच फुटतं.

तर शोध सुरू केला, आणि पहिल्याच दिवशी कळलं की अमेरिकेचा प्लंबिंग कोड असा काही नसतोच. केंद्र सरकार यात फारसं पडत नाही. फ्लशला किती पाणी वापरायचं ते त्यांनी १९९२ च्या कायद्याने ठरवून टाकलं, दर वेळी १.६ गॅलन, म्हणजे सहा लिटर. बाकी तुमचं तुम्ही पाहा म्हणून राज्यांवर सोडलं. आपल्याकडे भाषावार प्रांतरचना झाली, त्यांच्याकडे नळवार झाली आहे.

आणि नावं तरी कशी! थोरल्या कोडाचं नाव 'युनिफॉर्म प्लंबिंग कोड'. १९४५ पासूनचा. नाव युनिफॉर्म, पण निम्म्या देशाला तो मान्य नाही. दुसऱ्याचं नाव 'इंटरनॅशनल प्लंबिंग कोड'. हा १९९५ चा आणि याचा इंटरनॅशनल संसार मुख्यतः अमेरिकेतच. तिसरा 'नॅशनल स्टँडर्ड प्लंबिंग कोड'. हा ज्या राष्ट्राचा आहे त्या राष्ट्राचं नाव न्यू जर्सी. डेलावेअर नदीचा पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की इंटरनॅशनल सुरू होतो. युनिफॉर्मवाल्यांचं मुख्य कार्यालय ऑन्टारिओत आहे असं वाचून मी अर्धा तास कॅनडाच्या नकाशात डोकं घातलं होतं. ते ऑन्टारिओ कॅलिफोर्नियात आहे.

शिवाय कुणाच्याही पंगतीत न बसणारी राज्यं आहेत. मॅसॅच्युसेट्सचा स्वतःचा कोड, इलिनॉयचा स्वतःचा, विस्कॉन्सिनचा स्वतःचा, केंटकीचा स्वतःचा. मिनेसोटा वर्षानुवर्षं आपल्या स्वतंत्र बाण्याने वागत होतं, ते २०१६ मध्ये युनिफॉर्मवाल्यांना जाऊन मिळालं. आणि मूळच्या तिन्ही कोडांची दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती निघते. राज्य ती घेतं किंवा घेत नाही, घेतलीच तर दुरुस्त्यांसह घेतं: अमुक कलम वगळावे, तमुक ओळीत 'शकेल' ऐवजी 'आवश्यक' वाचावे. सुनेला हे वाचून दाखवताना माझे डोळे भरून आले. निवृत्तीनंतर इतकी सुंदर भाषा कानावर पडली नव्हती.

आमच्या कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅपवर गट आहे. माणसं अर्ध्या अमेरिकेत विखुरलेली. मी तिथे एक निरुपद्रवी प्रश्न टाकला: 'तुमच्याकडे कुठला प्लंबिंग कोड लागू होतो?' एरवी या गटावर वाढदिवसाचे केक, एकादशीच्या शुभेच्छा आणि पोटाच्या तक्रारींवर ओवा एवढंच असतं. दोन मिनिटांत युद्ध पेटलं.

भाचा कॅलिफोर्नियात. मूळचा सांगलीचा, आणि सांगलीत असताना बायपासच्या पलीकडचं सगळं त्याला परदेश वाटायचं. तो लिहितो, 'आमच्याकडे कॅलिफोर्निया प्लंबिंग कोड. टायटल चोवीस, भाग पाच. देशात सगळ्यात कडक.' कडकपणाचा हा अभिमान मी ओळखला. सांगलीच्या हळदीबद्दल तो याच सुरात बोलायचा.

माझे साडू ह्यूस्टनला. त्यांनी लिहिलं, 'ह्यूस्टनला यूपीसी.' तेवढ्यात त्यांचीच मुलगी डॅलसहून, 'बाबा, टेक्सासात आयपीसी आहे.' 'मी चाळीस वर्षं इथे आहे.' 'मी माझ्या कॉन्ट्रॅक्टरला विचारलंय.' दोघांचं दोन दिवस बोलणं बंद होतं. शेवटी मीच उलगडा केला: टेक्सासच्या कायद्याने दोन्ही कोड मान्य आहेत आणि गावागावाने आपापला निवडलाय. ह्यूस्टनने युनिफॉर्म, डॅलसने इंटरनॅशनल. बापलेकीचं दोघांचंही बरोबर निघालं. याचा दोघांनाही सारखाच राग आला.

मग भाच्याने एक फोटो टाकला आणि विचारलं, 'ही तुमच्याकडे चालते का?' सिंकखालच्या पाइपवर बसवायची प्लास्टिकची छोटी झडप होती ती. पाणी वाहून जाताना ती हवा आत घेते, वास बाहेर सोडत नाही. ती लावली की छतापर्यंत हवेचा पाइप न्यायची कटकट वाचते. इंटरनॅशनलवाले तिला चालेल म्हणतात. युनिफॉर्मवाले नाही म्हणतात, अधिकारी खास परवानगी देईल तर गोष्ट वेगळी. काही प्लंबर तिला सरळ 'चीटर व्हेंट' म्हणतात.

डॅलसची मुलगी म्हणाली, 'माझ्या सिंकखाली दोन आहेत.'

भाचा: 'आमच्याकडे हे चालत नाही.'

ती: 'मग तुझ्याकडे घरंही परवडत नाहीत.'

इथे सांगलीचं रक्त तापलं. एकाने दुसऱ्याच्या सिंकला चीटर म्हटलं, दुसऱ्याने पहिल्याच्या राज्याला. माझी बॉस्टनची पुतणी स्वभावाने गरीब. ती मध्येच म्हणाली, 'आमच्याकडे तर घरमालकाला स्वतःच्या घरचं प्लंबिंग स्वतः करताच येत नाही. परवानाधारक प्लंबरच लागतो.' तिला वाटलं होतं, सगळे मिळून तिची कीव करतील आणि भांडण मिटेल. पण साडू म्हणाले, 'बरोबर आहे. तुझ्या नवऱ्याला बघून त्यांनी कायदा केला असणार.' हा माणूस पुतणीच्या लग्नात पंगतीला आग्रह करत होता हो!

मला वाटलं होतं, परदेशात गेलेला मराठी माणूस पुणेकर, नागपूरकर, कोल्हापूरकर हे वाद मागे टाकून जातो. टाकतो, पण रिकामी झालेली जागा भरायला त्याला काहीतरी लागतंच. ह्याला टेक्सासचा गटाराचा उतार पुरतो, त्याला कॅलिफोर्नियाची झडप.

हे सगळं एक करायचा प्रयत्न झाला नव्हता असं नाही. हर्बर्ट हूव्हर १९२० च्या दशकात व्यापारमंत्री होते. गावागावाच्या निराळ्या नियमांनी घरं विनाकारण महाग होतात, म्हणून त्यांनी समिती बसवली. तिच्या प्लंबिंगच्या शिफारशी 'हूव्हर कोड' म्हणून ओळखल्या गेल्या. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. देश एक करणं त्यांना त्या मानाने सोपं गेलं असतं, नळ काही एक झाले नाहीत. त्या कामात रॉय हंटर नावाचे एक शास्त्रज्ञ होते. इमारतीत शंभर संडास असले तरी शंभर माणसं एकाच क्षणी साखळी ओढत नाहीत, हे त्यांनी गणिताने मांडलं. कुठल्या उपकरणाला किती भार धरायचा, त्यावरून पाइप किती जाड घ्यायचा, याचा त्यांचा १९४० चा हिशेब पुढे जगभर पसरला. आपल्या राष्ट्रीय संहितेतही तीच पद्धत आहे. हंटरसाहेब मोठे खरेच. पण त्यांना सकाळी सहा ते सात पाणी येणाऱ्या आमच्या सोसायटीत एक दिवस राहायला बोलवायला हवं होतं. शंभरच्या शंभर माणसं एकाच क्षणी नळ सोडतात हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असतं, आणि पाइपांचे व्यास जगभर बदलले असते.

असो. न्यू जर्सीला काय लागू ते कळलं होतं. आता ते कलम डोळ्यांनी बघायचं होतं. हे कोड संगणकावर फुकट वाचता येतात. वाचता येतात म्हणजे फक्त वाचता येतात. छापता येत नाहीत, कॉपी करता येत नाहीत. ज्याचं झेरॉक्स काढता येत नाही त्याला मी आजवर कागद मानलेलं नाही. मी वही घेऊन बसलो आणि लिहून काढू लागलो. ही म्हणाली, "लोक अमेरिकेत येऊन नायगारा बघतात."

"नायगारालाही कुठलातरी कोड लागूच असेल," मी म्हणालो.

या बाबतीत मला एक गुरुबंधू सापडले. टेक्सासात ॲना आणि सेव्हॉय नावाची दोन छोटी गावं आहेत. त्या गावांचे बांधकामाचे नियम पीटर व्हीक नावाच्या गृहस्थांनी आपल्या संकेतस्थळावर जसेच्या तसे टाकले. ज्या संस्थेने ती नियमावली लिहिली होती तिने स्वामित्वहक्कावर बोट ठेवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. २००२ मध्ये अपील न्यायालयाने व्हीक यांच्या बाजूने निकाल दिला: गावाने तो मजकूर कायदा म्हणून स्वीकारल्यावर कायदा म्हणून तो सगळ्यांचा. कोणीही मागितलेले नसताना लोकांना नियम पुरवणारा माणूस! आमच्या सोसायटीत असते तर मी त्यांना चेअरमन केलं असतं. सध्याचे चेअरमन पाणीकपातीची नोटीसही काचेच्या पेटीत कुलूप लावून ठेवतात, आणि किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी गावाला.

कोड वाचता वाचता एका रहस्यमय व्यक्तीची गाठ पडू लागली. जिथे म्हणून मजकूर रंगात यावा, तिथे शेवटी एकच वाक्य: 'अधिकारक्षेत्र असलेल्या प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने.' तिथले लोक त्याला नुसतं एएचजे म्हणतात. अमेरिकेत कुठल्याही प्लंबरला काहीही विचारा. तो आधी तासभर उत्तर देईल आणि शेवटी म्हणेल, "पण एएचजेला विचारून घ्या." म्हणजे हूव्हर झाले, हंटर झाले, जाडजूड ग्रंथ झाले, आणि अखेर सगळं आलं एका साहेबापाशी. माझा जीव भांड्यात पडला. साहेबाशी कसं बोलायचं ते मला येतं.

आमच्या टाउनशिपच्या कार्यालयात गेलो. सोबत जेट, पावती आणि वही. खिडकीतल्या बाई हसतमुख होत्या. त्यांना काम काय ते सांगायचं, इथे माझी इंग्रजी अडखळली.

"हँड शॉवर बसवायचाय," मी म्हणालो.

"बाथटबला?"

"नाही. त्याच्या शेजारच्याला."

"बेसिनला?"

"दुसऱ्या बाजूच्या शेजारच्याला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या वस्तूकडे पाहिलं आणि डोळ्यांत प्रकाश पडला. त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून एवढ्या मोठ्याने हाक मारली, की घराच्या विस्ताराच्या परवानगीसाठी रांगेत उभी असलेली सगळी टाउनशिप वळून बघू लागली. रांगेत आमच्या शेजारची गुजराती बाई होती. तिने माझ्या हातातला जेट ओळखला आणि नजर दुसरीकडे वळवली. तिच्याकडेही तो असणार, पण विनापरवाना.

प्लंबिंगचे अधिकारी बाहेर आले. तिकडे त्यांना 'प्लंबिंग सबकोड ऑफिशियल' म्हणतात. उंच, पांढऱ्या मिशा, कमरेला टेप. मी विचारलं, "एएचजे कोण?"

"मी."

नोकरीत एवढ्या वर्षांत 'सक्षम अधिकारी कोण?' या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर मला कधी मिळालं नव्हतं. आपल्याकडे हे उत्तर यायला पाच फायली आणि एक बदली लागते. मी भारावून गेलो. मग मी माझी वही उघडली आणि साहेबांनी घड्याळ पाहिलं. ही खूण सार्वत्रिक आहे.

"घर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"मुलाचं."

"राहतो कोण?"

"तो, सून, नातू, आणि सध्या आम्ही."

"नळ बदलणं, ट्रॅप बदलणं, वाल्व बदलणं, ही नेहमीची देखभाल झाली. त्याला परमिट लागत नाही. तुमची वस्तू बघू."

त्यांनी जेट हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला. "याच्यावर खूण कुठाय? हे कुणी प्रमाणित केलंय?"

"दुकानदाराने."

ते हसले नाहीत. मग त्यांनी सांगितलं ते मात्र मी वहीत व्यवस्थित उतरवून घेतलं. सगळ्या कोडांचं आपसात कितीही वाजत असलं तरी एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे: घाणीतलं पाणी पिण्याच्या पाण्याच्या नळात उलटं शिरता कामा नये. जेटचं तोंड नको तिथे लोंबत राहिलं आणि त्याच वेळी मागून नळाचा दाब गेला, तर पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं. म्हणून मध्ये त्याला अडवणारी सोय लागते. "१९३३ ला शिकागोत जागतिक प्रदर्शन होतं," ते म्हणाले. "दोन हॉटेलांत पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांची गफलत होती. आमांशाची साथ आली. शंभराच्या आसपास माणसं गेली."

मी त्यांच्या हातातून जेट हळूच परत घेतला आणि दोन बोटांत धरला.

"दुकानात मान्यतेचे मिळतात," ते म्हणाले. "तो आणा, कागदावर लिहिलंय तसा लावा." मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, "२०२० च्या मार्चमध्ये टॉयलेट पेपर मिळेना, तेव्हा देशभर या वस्तूवर झुंबड पडली. मीपण एक घेतला. उत्तम आहे."

"कुठल्या कलमाखाली बसवलात?" मी पेन सरसावलं.

साहेबांना आतून बोलावणं आलं. म्हणजे आतून कोणी बोलावलेलं मला ऐकू आलं नाही, पण ते गेले.

जेट बसला. खूण असलेला, पाणी उलटं न जाऊ देणारा, आटे साठ अंशांचे. पुण्याचा जेट मुलाने नातवाला दिला. तो त्याने बागेत कुंड्यांना पाणी घालतो, म्हणजे घालायचा, कारण बागेच्या नळालाही तीच अडवणारी झडप लागते, हे मी त्याला वहीतून दाखवल्यापासून त्याने कुंड्यांकडे जाणं सोडलंय.

या सगळ्यातून झालं असं की मी विद्वान झालो. गटावर प्लंबिंगचा विषय निघाला की सगळे आता मला विचारतात. पुतणीने न्हाणीघर नवं करायला घेतलं, मला फोन. भाच्याच्या सिंकला वास येतो, मला फोन. मी आधी पाऊण तास उत्तर देतो. हूव्हर सांगतो, हंटर सांगतो, शिकागो सांगतो. आणि शेवटी म्हणतो, "पण तुमच्या एएचजेला विचारून घ्या." हे वाक्य म्हणताना घशात एक विलक्षण थंडावा येतो. नोकरीत 'वरिष्ठांच्या मार्गदर्शनार्थ सादर' असं लिहिल्यावर यायचा तोच.

गेल्या आठवड्यात टेक्सासात थंडीची लाट आली. तिथल्या पुष्कळ घरांत पाण्याचे पाइप माळ्यावरून गेलेले असतात, आणि थंडीची सवय ना माणसांना ना पाइपांना. २०२१ च्या फेब्रुवारीत तर राज्यभर घराघरांतून पाइप फुटले होते. रात्री दीडला फोन वाजला. साडू होते.

"अहो, वर पाइप फुटलाय! छतातून धबधबा पडतोय! मेन कॉक कुठे असतो हो?"

मी दिवा लावला, चष्मा लावला, वही काढली. "घाबरू नका. आधी मला सांगा, तुमचं घर नक्की ह्यूस्टन शहराच्या हद्दीत येतं की हद्दीबाहेर?"

"म्हणजे? पत्ता ह्यूस्टनचा आहे की!"

"पत्त्यावर जाऊ नका. तिथे पुष्कळ वस्त्यांचा पत्ता ह्यूस्टनचा असतो आणि जागा नुसत्या काउंटीत. तसं असेल तर शहराचा कोड तुम्हाला लागूच नाही. इतके दिवस तुम्ही लेकीशी कुठल्या आधारावर भांडत होता?"

पलीकडे पाण्याचा आवाज, काहीतरी जड कोसळल्याचा आवाज आणि मेव्हणीचा आवाज, या क्रमाने आले.

"घर बांधलेलं साल सांगता का?" मी विचारलं. "त्यावरून आवृत्ती ठरवता येईल."

साडूंनी फोन ठेवला. हद्दीत की बाहेर, ते त्यांनी अजूनही कळवलेलं नाही.